आधी रिमोट, मग ड्रोन



मोहोराच्या फवारणीचे दिवस जवळ आले की आमच्या तळेरे नाक्यावर हल्ली एकच विषय असतो, ड्रोन. एकराला किती घेतात, टाकी किती लिटरची, अनुदान किती, कोणाच्या बागेत येऊन गेला. पण ज्या डब्याच्या जोरावर तो वर जातो आणि परत खाली येतो, त्या रिमोटबद्दल कोणी विचारताना मी तरी ऐकलं नाही. फवारणीवाला गळ्यात पट्टा अडकवून उभा असतो आणि आपण सगळे माना वर करून बघत असतो. त्याच्या हाताकडे कोण बघणार?

म्हणून आजची नोंद त्या रिमोटवर.

गेली दोन वर्षं दिवाळीनंतर ते मेपर्यंत माझा पुतण्या आणि मी सकाळी सड्यावर रेडिओवर चालणारं छोटं विमान उडवतो. फोमचं विमान, पंख सव्वा मीटर, वजन किलोच्या आत. रिमोट सहा चॅनलचा, चार पेन्सिल सेलवर चालणारा. सगळा खर्च एचटीपी पंपाच्या सेटपेक्षा कमी. वाडीत त्याला 'पोराचा इमान' म्हणतात आणि माझ्याकडे बघून हसतात. हसू देत.

हा नाद कशासाठी ते सांगतो. पुतण्याला फवारणीचा ड्रोन घेऊन धंदा करायचा आहे. अनुदान वजा जाऊन उरलेल्या रकमेचं कर्ज, आणि जामीनदार म्हणून सही माझी. कर्जाला माझी ना नाही. पण सहीच्या आधी मी एक अट घातली. या साध्या विमानाचं शंभर वेळा लँडिंग करायचं. ठरलेल्या जागी, काही न मोडता, स्वतःच्या हाताने. प्रत्येक लँडिंग वहीत तारखेसकट लिहायचं.

तो म्हणाला, "काका, फवारणीचो ड्रोन जीपीएसवर आपणच उडता. हाताची काय गरज?"

मी म्हटलं, "आणि जीपीएस गेलो तर?"

तेवढ्यावर तो गप्प झाला. पण प्रश्न त्याचाही बरोबरच होता, म्हणून त्याचं उत्तर नीट लिहितो.

रिमोट म्हणजे नेमकं काय

विमानवाले याला ट्रान्समीटर म्हणतात. त्यावर दोन दांड्या असतात. आपल्याकडे बहुतेक रिमोट 'मोड 2'चे येतात. डावी दांडी वर-खाली केली की मोटरचा जोर कमी-जास्त होतो, डावी-उजवीकडे केली की शेपटीचं सुकाणू वळतं. उजवी दांडी मागे ओढली की नाक वर, पुढे ढकलली की नाक खाली, आणि बाजूला केली की विमान त्या बाजूला कलतं. प्रत्येक हालचालीला एक चॅनल, म्हणजे चार चॅनल इथेच झाले. उरलेले बटणांना.

फवारणी ड्रोनचा रिमोटही असाच दिसतो, पण एक फरक जीवघेणा आहे. विमानाच्या रिमोटवर डावी दांडी जिथे ठेवाल तिथेच राहते, अगदी खाली म्हणजे मोटर बंद. फवारणी ड्रोनच्या रिमोटवर ती बहुधा स्प्रिंगने मध्यावर येते, आणि मध्य म्हणजे 'आहे त्या उंचीवर थांब'. घाबरलेला माणूस दांड्या सोडून देतो. ड्रोन जीपीएस चालू असताना दांड्या सोडल्या की जागेवर थांबतो. साधं विमान थांबत नाही, जिथे तोंड आहे तिकडे जात राहतं. म्हणूनच शिकायला विमान चांगलं. ते माफ करत नाही, आणि पडलं तरी फोमच मोडतो.

हात शिकतो तो कुठे

विमान आपल्यापासून लांब जात असताना सगळं सोपं. उजवीकडे दांडी, उजवीकडे विमान. ते वळून आपल्याकडे तोंड करून आलं की डावं-उजवं उलटं होतं. दांडी उजवीकडे केली की ते आपल्या डाव्या हाताला जातं. ट्रॅक्टरची ट्रॉली मागे घेणाऱ्याला हे लगेच कळेल. डोक्याला समजायला एक मिनिट लागतं, हाताला समजायला महिने.

यावर जुन्या विमानवाल्यांची एक युक्ती आहे. विमान समोरून येत असेल तर जो पंख खाली गेलेला दिसतो त्याच बाजूला दांडी सरकवायची. खाली गेलेल्या पंखाला दांडीने टेकू द्यायचा असं समजा. डावं-उजवं आठवत बसावं लागत नाही. पुतण्याचं पहिलं नीट लँडिंग या युक्तीनंतरच झालं.

दुसरी सोय म्हणजे ट्रेनर केबल. दोन रिमोट वायरने जोडायचे, एक शिकणाऱ्याच्या हातात, एक शिकवणाऱ्याच्या. शिकवणाऱ्याने बटण दाबून धरलं की ताबा शिकणाऱ्याकडे, बटण सोडलं की परत स्वतःकडे. आम्हाला नांगर असाच शिकवला वडिलांनी. रुमण्यावर माझा हात आणि माझ्या हातावर त्यांचा. बैल बिथरला की त्यांचा हात घट्ट व्हायचा, एरवी नुसता टेकलेला. आम्हाला हे विमान शिकवायला कोल्हापूरहून पुतण्याचा एक मित्र काही रविवार येऊन गेला, त्याने याच पद्धतीने दोघांना शिकवलं. कॉम्प्युटरवर रिमोट जोडून सराव करायचे सिम्युलेटरही असतात. पावसाळ्यात चार महिने तेच चालतं. शाळा-कॉलेजातली मुलं एनसीसीच्या एअर विंगमध्ये असतील तर तिथेही एरोमॉडेलिंग शिकवतात, चौकशी करावी.

उड्डाणाआधी आम्ही दरवेळी दांडी हलवून पंख तपासतो. दांडी उजवीकडे केली की उजव्या पंखाची पट्टी वर आणि डाव्याची खाली गेली पाहिजे. मागे ओढली की शेपटीची आडवी पट्टी वर. वायर बदलताना दिशा उलटी झाली असेल तर ती जमिनीवरच कळते. हवेत कळली तर उपयोग नाही.

सिग्नल आणि आपलं कोकण

आता कृषीवाल्या मित्रांसाठी जरा आतलं. तारेशिवाय यंत्र चालवायची कल्पना जुनी आहे. 1898 साली निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कला पाण्याच्या हौदात छोटी बोट अशी चालवून दाखवली होती. पुढे हौशी विमानवाले 27 आणि 72 मेगाहर्ट्झवर उडवायचे. त्यात एक भानगड होती. एका मैदानावर दोघांनी एकच चॅनल लावला की एकाचं विमान दुसऱ्याचा हुकूम ऐकायचं आणि पडायचं. म्हणून मैदानावर फळीला चॅनल नंबरच्या चिमट्या लावलेल्या असत. ज्याच्याकडे चिमटी, त्यानेच रिमोट चालू करायचा.

आताचे रिमोट 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात. रिमोट आणि रिसीव्हर एकदा एकमेकांशी जोडले, ज्याला बाइंड करणं म्हणतात, की तो रिसीव्हर दुसऱ्या रिमोटचं ऐकत नाही. शिवाय सिग्नल सेकंदाला अनेक वेळा जागा बदलत राहतो, त्यामुळे गर्दीतही काम निभतं. हा पट्टा आपल्या देशात कमी ताकदीच्या उपकरणांना 2005 पासून परवान्याशिवाय मोकळा आहे. वायफाय, ब्लूटूथही यातच.

पण लहर लहान झाली. 72 मेगाहर्ट्झची लहर चार मीटरच्या वर लांब, 2.4 गिगाहर्ट्झची साडेबारा सेंटीमीटर, म्हणजे अर्धी वीत. एवढी लहान लहर अडथळ्याला वळसा घालायला कच्ची. तिला समोरासमोर नजर लागते. आणि पाणी तिला खातं. झाडाचं पान म्हणजे पाणीच. आम्ही एकदा जमिनीवरच करून बघितलं. मी रिमोट घेऊन मांगराजवळ उभा, पुतण्या विमान हातात धरून चालत गेला. मोकळ्या सड्यावर रिमोटवरचा सिग्नलचा आकडा लांबपर्यंत टिकला. सप्टेंबरात भिजलेल्या काजूच्या रांगेमागे गेला तसा घसरला. तो घळीत उतरला आणि मधे कातळाची धार आली, तेव्हा रिमोट ओरडायलाच लागला. घाटावरच्या सपाट उसात चालणारा आकडा आपल्या बागेत धरू नका. खोक्यावर लिहिलेला पल्ला मोकळ्या मैदानाचा असतो.

अँटेनाचंही तसंच. सरळ काडीसारख्या अँटेनाचा सिग्नल बाजूंना पसरतो, टोकाच्या दिशेला सगळ्यात कमी. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं. पुष्कळ जण बंदुकीसारखं अँटेनाचं टोक ड्रोनवर रोखून उभे असतात, ती सगळ्यात वाईट दिशा. काडी आडवी किंवा तिरकी ठेवा, ड्रोन तिच्या बाजूला आला पाहिजे. चपट्या अँटेनाचा रिमोट असेल तर पुस्तिकेत दाखवलेली बाजू ड्रोनकडे करा. पत्र्याच्या छपराखाली, फणसाच्या बुंध्याला टेकून, मोटारसायकलवर बसून उडवू नये. उंचावर, मोकळ्यात उभं राहावं.

सिग्नल तुटला तर?

या सगळ्या नोंदीचं मूळ इथे आहे.

मागच्या हंगामात माझ्या शेजारच्या बागेत भाड्याचा ड्रोन आला होता. चालवणारा खाली पायवाटेवर उभा, बाग वर चढावर. ड्रोन फणसांच्या रांगेपलीकडे गेला आणि रिमोटचा संबंध तुटला. ड्रोनने त्याला सांगून ठेवलेलं तेच केलं, परत घरी निघाला. परतीची उंची ठेवली होती 15 मीटर. मधे माड. माडाच्या झावळीत पंखा अडकला आणि अर्धी भरलेली टाकी घेऊन तो व्हाळात कोसळला. व्हाळाच्या खाली आमची गुरं पाणी पितात आणि त्याखाली एक विहीर. त्या दिवशी खाली माणूस नव्हतं हे नशीब. गुरं आठवडाभर दावणीला ठेवली, पाणी वाहून घातलं. माझी म्हातारी गाय पाचव्या दिवशी हंबरून हंबरून थकली, व्हाळाचं पाणी तिला दिसत होतं ना.

ड्रोन बिघडलेला नव्हता. त्याने हुकूम पाळला. हुकूमच त्या बागेसाठी नव्हता, कुठल्या तरी सपाट शेतासाठी होता.

याला फेलसेफ म्हणतात. सिग्नल तुटल्यावर यंत्राने काय करायचं ते आधी सांगून ठेवणं. साध्या विमानात फेलसेफ म्हणजे मोटर बंद, म्हणजे ते जवळच कुठे तरी हळू उतरतं, मैलभर जात नाही. ड्रोनमध्ये फेलसेफ म्हणजे बहुधा ठरलेल्या उंचीला चढून उड्डाणाच्या जागी सरळ रेषेत परत येणं.

आता ही उंची कुठून मोजतात ते ध्यानात घ्या. उड्डाणाच्या जागेपासून. समजा तुम्ही खाली रस्त्याला ड्रोन ठेवून उडवला. बाग चढत चढत वर सड्यापर्यंत गेली, चढ 40 मीटरचा. परतीची उंची 30 मीटर. वरच्या कोपऱ्यात सिग्नल तुटला तर ड्रोनच्या हिशेबाने तो आताच 40 मीटरच्या वर आहे, आणखी चढायची गरज नाही, आणि तो आहे त्या उंचीवरून झाडांमधून निघतो. उलट, कुठल्या यंत्रात तो ठरलेल्या उंचीला खाली यायलाही बघेल. डोंगर ओळखायची सोय यंत्रात असेल तर ती चालू आहे का ते बघावं, नसेल तर साधा उपाय एकच. उड्डाण बागेच्या वरच्या अंगाहून करायचं. चालवणारा वर, बाग खाली. सिग्नलला मधे डोंगर नाही, परतीची वाट मोकळी आणि चालवणाऱ्याला ड्रोन डोळ्याने दिसतो. पाण्याची टाकी वर न्यायला त्रास होतो म्हणून लोक खालून उडवतात. तो त्रास परवडला.

आणखी एक. 'घर' कुठे आहे हे ड्रोन जीपीएसवरून उड्डाणाच्या वेळी लिहून घेतो. दाट कलमाखाली चालू केला, उपग्रह पुरते सापडले नाहीत आणि घाईने उडवला, तर घरच चुकीचं लिहिलं जाईल. मोकळ्या आकाशाखाली चालू करून वाट बघायची.

कायद्याचं थोडक्यात

ड्रोन नियम 25 ऑगस्ट 2021 पासून आहेत. 250 ग्रॅमपर्यंत नॅनो, 2 किलोपर्यंत मायक्रो, 25 किलोपर्यंत स्मॉल. हौसेसाठी मायक्रो उडवायला पायलट प्रमाणपत्र लागत नाही. 10 लिटर टाकीचे बरेच फवारणी ड्रोन स्मॉल वर्गात बसतात, आणि त्यांना रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी वय 18 ते 65 आणि शिक्षण दहावी पास. म्हणजे माझ्यासारख्यालाही दार उघडं आहे. हिरव्या क्षेत्रात 400 फुटांपर्यंत परवानगी न मागता उडवता येतं, पण आधी सरकारी नकाशा बघायचा. आपल्या जिल्ह्यात आता चिपीचा विमानतळ आहे, त्या बाजूच्यांनी तर नक्कीच. 'नमो ड्रोन दीदी' योजनेत बचत गटांना ड्रोनसाठी 80 टक्के, जास्तीत जास्त 8 लाखांपर्यंत मदत आहे, आणि प्रशिक्षण 15 दिवसांचं, त्यात 5 दिवस पायलटचं. प्रशिक्षण चांगलंच आहे. पण पाच दिवसांत परीक्षा पास होते, हात बसायला त्यापुढे सराव लागतो. ज्या ताईंना ड्रोन मिळणार आहे त्यांनी एखादं फोमचं विमान किंवा निदान सिम्युलेटर घरी ठेवावा असं माझं सांगणं.

बागेत ड्रोन बोलावताना

दर विचारायच्या आधी मी आता हे विचारतो. तुम्हीही विचारा.

1. पायलट प्रमाणपत्र कोणाचं, आणि रिमोट हातात तोच माणूस धरणार का?
2. परतीची उंची किती ठेवली आहे? आमच्या बागेतलं सगळ्यात उंच झाड, माड, विजेच्या तारा हिंडून बघितल्या का?
3. उड्डाण कुठून करणार? बागेच्या वरून की खालून?
4. सिग्नल तुटला तर ड्रोन काय करेल? पाण्यावर, रिकाम्या मोकळ्या जागी एकदा करून दाखवा.
5. रिमोटची बॅटरी किती? ड्रोनची सगळे विचारतात, रिमोटची कोणी नाही.
6. जीपीएस बंद करून, टाकीत साधं पाणी घेऊन, हाताने दोन मिनिटं उडवून सुखरूप उतरवता येतो का?

सहाव्या प्रश्नाला जो हसून विषय बदलेल त्याला चहा पाजून परत पाठवा. जो म्हणेल "चला, दाखवतो", त्याच्याशी दराचं बोला.

आणि स्वतः विमान शिकणाऱ्यांना क्रम लक्षात ठेवायला सांगतो. आधी रिमोट चालू, मग विमानाची बॅटरी. उतरल्यावर आधी विमानाची बॅटरी काढा, मग रिमोट बंद. दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी रिमोट कमी ताकदीच्या रेंज चेकवर टाकून साधारण 30 पावलं लांब जाऊन पंख हलतात का बघा. फेलसेफ तपासताना पंखा काढून ठेवा आणि रिमोट बंद करून बघा. सकाळी वारा पडलेला असतो तेव्हा उडवा, दुपारी समुद्राकडचा वारा चढला की आवरतं घ्या.

पुतण्याच्या वहीत काल 71वं लँडिंग लिहिलं गेलं. मधे एकदा विमान आंब्यात बसलं, दोनदा पंख चिकटवला. ती लँडिंग मोजली नाहीत. हल्ली तो विमान समोरून आणताना दांडीकडे बघत नाही, फक्त विमानाकडे बघतो. वहिनी विचारते, "सही कदी करतलास, भावजी? पोर वाट बगता." मी तिला सांगितलंय, उरलेली 29 होऊ देत, कागद माझ्याकडेच आहेत.

त्याचं स्वतःचंही एक वाक्य सांगतो. परवा त्याने आमच्या बागेचा नकाशा कागदावर काढला, प्रत्येक माडाची उंची अंदाजे लिहिली आणि सर्वांत वरच्या कोपऱ्यात एक गोल केला. म्हणाला, "काका, धंदो सुरू केलो तर ड्रोन हयसरसून उडवतलंय. पाणी वर चढवचा लागात, पण चलात."

पाणी वर चढवायला पाइप मी देणार आहे.

फवारणी ड्रोन चालवणाऱ्या मित्रांनी आपल्या भागात परतीची उंची किती ठेवता आणि उड्डाण कुठून करता ते जरूर लिहा. चढाच्या बागांसाठी सगळ्यांना उपयोग होईल. रविवारी सकाळी आम्ही सड्यावर असतोच, ज्याला रिमोट हातात घेऊन बघायचा असेल त्याने यावं. ट्रेनर केबल आहे, घाबरायचं कारण नाही.